अर्ध्या चादरीची मजुरी

चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, हे शेंबडं पोरही सांगेल. दोघींनी दोन टोकांना उभं राहायचं, चार हातांत चार कोपरे धरायचे, एक झटका देऊन सुरकुती मोडायची, लांबीत दुमडायची, आणि मग एकीने आपलं टोक घेऊन दुसरीकडे चालत जायचं. कोपऱ्याला कोपरा लागला की खाली लोंबणारी घडी उचलायची, मागे सरायचं, परत पुढे यायचं. आता यात चालत कोणी जायचं, असा प्रश्न तुमच्या-आमच्या घरात पडत नाही. जिला सुचेल ती जाते. इस्पितळाच्या लॉन्ड्रीत मात्र याचा निकाल केव्हाच लागून गेला होता. परमनंट बाईने उभं राहायचं आणि कंत्राटी बाईने चालायचं.

हा नियम कोणी काढला, ते कोणाला ठाऊक नव्हतं. नव्या बाईला तो कोणी सांगतही नसे. ती पहिल्या दिवशी चादरीचं टोक धरून उभी राही, समोरची बाई हलत नाही असं बघे, आणि आपणच पुढे होई. झालं, शिकली. लॉन्ड्रीतल्या बायकांनी याला साजेशी नावंही पाडली होती. परमनंट बायका म्हणजे खुंट्या, कारण जागच्या हलत नाहीत. आणि कंत्राटी बायका म्हणजे भिंगऱ्या, कारण पायालाच भिंगरी लागलेली. ही नावं थट्टेत घेतली जात आणि थट्टेतच ऐकली जात. आपल्याकडे अन्याय पचवायचा असला की त्याला आधी गमतीचं नाव देतात.

आपली गोष्ट एका भिंगरीची आहे. तिला सगळी लॉन्ड्री वहिनी म्हणत असे, कारण तिची सख्खी नणंद त्याच लॉन्ड्रीत खुंटी होती आणि तिच्या तोंडचा शब्द बाकीच्यांच्याही तोंडी बसला. नणंद वहिनीहून चार वर्षांनी लहान. तरी वहिनी तिला वन्सं म्हणायची आणि अहो-जाहो करायची. घरात हे नात्याने चालत होतं, लॉन्ड्रीत पगाराने.

मुकादमाने या दोघींची जोडी मुद्दाम लावली होती. नणंद-भावजय एकमेकींशी धड बोलत नसणार, म्हणजे गप्पा कमी आणि काम जास्त, असा त्याचा हिशोब. तो चुकला. दोघी घरची सगळी भांडणं चादरीच्या दोन टोकांवरून उरकत आणि हात थांबू देत नसत. लॉन्ड्री इस्पितळाच्या तळघरात होती. एका भिंतीला धुण्याचे मोठाले ड्रम, त्यांच्यापुढे वाळवणीची यंत्रं, आणि मधोमध इस्त्रीचा लांबलचक रोलर. रोलरमधून चादरी कढत बाहेर पडत, त्या टेबलावर साचायच्या आत घडी करून कपाटात जायला हव्यात. पंखा एकच होता आणि तो उभं राहणाऱ्या बायकांच्या डोक्यावर होता. तोही कोणी मुद्दाम लावलेला नव्हता म्हणे. मुद्दाम न केलेल्या गोष्टी नेमक्या एकाच बाजूला कशा जमा होतात, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

वन्सं नोकरीला लागल्या तेव्हा इस्पितळ स्वतः माणसं घेत असे. लग्नाआधी लागल्या, मग लग्न झालं, मग नवरा गेला, मग भावाच्या घरी राहायला आल्या, आणि या सगळ्यात नोकरी तेवढी जागेवर राहिली. त्यानंतर इस्पितळाने दार लावून घेतलं आणि पुढची माणसं कंत्राटदाराकडून आणायला सुरुवात केली. दार लागलं तेव्हा वन्सं आत होत्या आणि वहिनी बाहेर. दोघींच्या कर्तबगारीत फरक काय तो एवढाच. चादर तीच, वाफ तीच, हातावर उमटणारे चटकेही तेच. पण वन्संच्या एका पगारात तीन वहिन्या आरामात बसल्या असत्या. शिवाय वन्संना भरपगारी रजा होती, औषधपाणी फुकट होतं, वर्षाला बुटांचा जोड होता. वहिनीला कंत्राटदाराने एक पिवळा कोट दिला होता आणि त्याचे पैसे पहिल्याच मजुरीतून कापून घेतले होते.

मागे एकदा दोघींना एकाच दिवशी ताप चढला. एकाच घरात राहायच्या, एकाच पिंपातलं पाणी प्यायच्या, तापाने काही कायम-कंत्राटी असा भेद केला नाही. वन्सं घरी निजल्या. वहिनी कामाला गेली, कारण गेली नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि दोन दिवस गेली नाही तर जागाही गेली. दिवसभर ती दुसऱ्या एका खुंटीबरोबर तापात चालत राहिली. संध्याकाळी घरी आली तेव्हा वन्संनी उठून पाणी गरम करून दिलं, कपाळावर हात ठेवला, आणि मायेने म्हणाल्या की एखादा दिवस पडून राहायचं होतंस गं. बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं आणि ऐकणाऱ्याच्या अंगाची लाही होते, अशी काही वाक्यं असतात.

आणि तरीही वहिनीला ते काम हवं होतं. तिचा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा. आज भाडं मिळालं तर मिळालं. घराचं भाडं, किराणा, वीज, सगळं वन्संच्या पगारावर चालायचं. वन्सं ते कधी बोलून दाखवत नसत, पण न बोलता दाखवायच्याही शंभर तऱ्हा असतात. एकच गोष्ट वहिनीच्या मजुरीवर उभी होती. तिची लेक दुसऱ्या गावी वायरमनचं काम शिकत होती. वर्गात मुलगी ही एकटीच. तिच्या वसतिगृहाचा खर्च वहिनी भरायची, त्यात वन्संचा एक पैसा घेत नसे. टाच दुखून पाऊल टेकवेनासं झालं तरी ती चालायची ते त्यासाठी. मजुरी थांबली असती तर लेक घरी आली असती, आणि एकदा घरी आलेली मुलगी परत शिकायला जात नाही, हे वहिनीने आपल्या बाबतीतच पाहिलं होतं.

असं बरं-वाईट चाललं होतं, तोवर कंत्राटदाराच्या कंपनीतून एक नवा साहेब आला. त्याच्या हातात सतत थांबतं-चालतं करायचं घड्याळ असे. बायकांनी त्याचं बारसं त्याच दिवशी उरकलं: घड्याळसाहेब. आठवडाभर तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि बायका किती वेळात किती चादरी करतात ते बघत बसला. उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं वहिनीने बरीच पाहिली होती, पण हा गोड बोलायचा. आठवड्याने त्याने सगळ्या कंत्राटी बायकांना गोळा केलं आणि सांगितलं की आता रोजाची मजुरी बंद, चादरीमागे पैसे. जी जास्त मेहनत करेल ती जास्त मिळवेल. बायका खूश झाल्या. मेहनतीचं त्यांना भय नव्हतं, भय होतं ते फुकट जाणाऱ्या मेहनतीचं.

पहिल्या वाटपाला कळलं, मेख कुठे आहे ते. प्रत्येकीच्या चादरी निम्म्याच धरल्या होत्या. वहिनी सगळ्यांच्या वतीने विचारायला गेली. घड्याळसाहेबाने तिला समजावून सांगितलं, आवाज न चढवता, लहान मुलाला सांगावं तसं. चादरीची घडी दोघी घालतात. समोरची बाई परमनंट आहे, तिचा पगार इस्पितळ देतं. मग तिने घातलेल्या अर्ध्या घडीचे पैसे आमच्या कंपनीने का द्यावेत? तुम्ही अर्धी चादर करता, तुम्हाला अर्ध्या चादरीचे पैसे. हिशोब इतका चोख होता की वहिनीला कुठे बोट ठेवावं ते कळेना. चालत कोण जातं हा प्रश्न त्या घड्याळात मावत नव्हता. मागून एक बाई तेवढी म्हणाली की साहेब, अर्धी म्हणजे कोणती अर्धी, डोक्याकडची की पायाकडची? सगळ्या हसल्या. घड्याळसाहेबही हसला. पैसे अर्धेच राहिले.

हे हसणं वहिनीच्या डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने वन्संना सरळ सांगितलं की आजपासून मी तुमच्या जोडीला नाही. रोजावर होते तेव्हा ठीक होतं. आता तुम्ही मधे पाणी प्यायला गेलात, केस बांधत बसलात, की माझं पोट कापलं जातं. वन्संना राग आला, पण बोलायला जागा नव्हती. वहिनीने जोडीला बुटकी घेतली. बुटकीही कंत्राटी, गोलमटोल, पाय आखूड. दोघींपैकी उभं कोणी राहायचं हे काही ठरलेलं नव्हतं. पहिल्या चादरीला बुटकी सवयीने चालू लागली, आणि वहिनीही सवयीनेच चालू लागली. दोघी मधोमध समोरासमोर आल्या आणि थबकल्या.

कोपऱ्याला कोपरा लागला होता. निम्म्या वेळात, निम्म्या चालण्यात.

बुटकीने तोंडावर हात ठेवला. वहिनीने चादर ढिगावर टाकली, दुसरी उचलली, परत तसंच केलं. इतकी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं त्या तळघरात कोणाला सुचली नव्हती! सुचणार कशी? चालणारीला वाटायचं चालणं आपल्या कपाळी आहे, आणि उभी असणारीला कशाला सुचावं? दुपारपर्यंत सगळ्या भिंगऱ्या आपसांत जोड्या लावून मधोमध भेटत होत्या. हात चालत होते, तोंडं चालत होती, चादरींचे ढीग वर चढत होते. संध्याकाळी वहिनीची टाच ठणकली नाही. आणि आठवड्याअखेर अर्ध्या चादरींचे म्हणून जे पैसे आले, ते जुन्या रोजापेक्षाही बरे निघाले. तिने लेकीला फोन केला आणि सांगितलं की तुला हवं होतं ते वीज तपासायचं मीटर घे, उधारीचं वापरू नकोस.

इकडे खुंट्यांचं घोडं अडलं. भिंगऱ्या गेल्यावर त्यांना एकमेकींशीच जोडी लावणं भाग होतं, आणि दोन खुंट्यांच्या मधे चादर धरली की ती तशीच राहायची. ही म्हणे तू ये, ती म्हणे तू ये. एक म्हणे मी नोकरीने मोठी, दुसरी म्हणे मी वयाने. दोघी हात ताणून उभ्या आणि मधे चादर, जणू कोणी उडी मारणार आहे आणि या त्याला झेलणार आहेत. रोलर बिचारा आपला चादरी ओकत होता. टेबलावर ढीग साचला, चुरगळला, परत इस्त्रीला गेला. वरच्या मजल्यावरून एक नर्स धावत खाली आली, चादरी कुठे आहेत म्हणून. वहिनीने हे सगळं डोळे भरून पाहिलं. तिला हसू आलं, आणि खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला.

तो आनंद फार टिकला नाही. परमनंट बायका घोळका करून इस्पितळाच्या मोठ्या साहेबाकडे गेल्या. त्यांचं म्हणणं असं की कंत्राटी बायकांनी कामाची घडी विस्कटली आहे, परमनंट बायकांचा मान राहिलेला नाही, जोड्या पूर्वीसारख्या लावून मिळाव्यात. मोठ्या साहेबाने घड्याळसाहेबाला बोलावलं. घड्याळसाहेबाने हुकूम काढला: उद्यापासून जोड्या जुन्या. आणि जाता जाता चादरीचा दरही उतरवला. कारण काय, तर एवढ्या भराभर घड्या होतात म्हणजे काम सोपं आहे, सोप्या कामाला एवढे पैसे कशाला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. हळू काम केलं तर आळशी म्हणून कमी, झटपट केलं तर सोपं म्हणून कमी. या माणसांच्या घड्याळात भिंगरीची वेळ कधी बरोबर येतच नाही.

मुकादमाने हुकूम वाचून दाखवला, आणि वर वहिनीला सहज म्हणून सांगितलं की साहेबाकडे सगळ्यांत पुढे होऊन तुमच्या नणंदबाईच बोलल्या, चांगल्या बोलल्या.

वहिनी घरी पोचली तेव्हा वन्सं भाजी चिरत होत्या. नवरा टेम्पो घेऊन बाहेरगावी होता, म्हणजे भांडणाला मोकळीक होती. वहिनीने कोट खुंटीला अडकवला आणि विचारलं की मुकादम म्हणतो ते खरं का. वन्संनी सुरी थांबवली नाही. म्हणाल्या, सगळ्या गेल्या म्हणून गेले, मला पुढे ढकललं.

"वन्सं, मी बुटकीबरोबर घड्या घातल्या तर तुमच्या पगारातला एक पैसा तरी कमी होत होता का?"

"पैशाचा प्रश्न नव्हता, वहिनी. मानाचा होता."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तळपायाला ते काही नवं नव्हतं. ती म्हणाली की कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही. तुमचा मान म्हणजे काय, तर मी चालणं. मी थांबले की तुमचा मान पडला. असला कसला मान, जो दुसरीच्या टाचेवर उभा राहतो? वन्संही मग सुटल्या. घराचं भाडं कोण भरतं, तुझ्या नवऱ्याचा टेम्पो बंद पडतो तेव्हा घरात पीठ कोण आणतं, हे सगळं, जे इतकी वर्षं न बोलता दाखवलं होतं, ते एकदाचं बोलून झालं. वहिनी ऐकत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली की खरं आहे तुमचं. पण तुम्ही आणता आणि मी आणत नाही, याचं कारण मी कमी काम करते हे नाही. वन्संनी भाजी तशीच टाकली आणि आपल्या खोलीत गेल्या. दोघीही जेवल्या नाहीत.

सकाळी जोड्या जुन्या लागल्या. रोलरमधून पहिली चादर आली. वन्संनी पंख्याखालचं टोक धरलं, वहिनीने समोरचं. झटका दिला, सुरकुती मोडली, लांबीत दुमडली. आता चालायचं. वहिनी निघाली. घड्याळसाहेब भिंतीला टेकून बघत होता. वहिनी मधोमध आली आणि उभी राहिली.

"पुढे चला," मुकादम म्हणाला.

वहिनी हलली नाही. मुकादमाने दुसऱ्यांदा सांगितलं, या खेपेला अगं-तुगं करून. आसपासच्या जोड्या थांबल्या. घड्याळसाहेब जवळ आला आणि गोड आवाजात विचारलं की काय अडचण आहे.

"अडचण काही नाही, साहेब," वहिनी म्हणाली. "अर्ध्या चादरीचे पैसे देता ना, मग मी अर्धंच चालणार. उरलेलं अर्धं ज्यांना पगार आहे त्यांनी चालावं."

कोणी हसलं नाही. घड्याळसाहेबाने हातातलं घड्याळ थांबवलं, कारण हिशोब त्याचाच होता. पलीकडच्या रांगेत बुटकी आपल्या टोकानिशी निघाली, मधोमध आली आणि थांबली. मग आणखी एक. मग आणखी दोघी. सगळ्या भिंगऱ्या आपापल्या चादरीच्या मध्यावर उभ्या, आणि सगळ्या खुंट्या पंख्याखाली.

वहिनीने वन्संकडे पाहिलं. वन्संची हनुवटी वर होती. ती सासरची हनुवटी वहिनीला पाठ होती, तिच्या नवऱ्याची तशीच, लेकीचीही तशीच. ही हनुवटी वर गेली की देव खाली आला तरी खाली येत नाही. वहिनीच्या हातातली चादर गार होत चालली होती. आपण काय करून बसलो, हे तिला त्या क्षणी नीट कळलं. वसतिगृहाचा पुढचा हप्ता तिच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सगळं मिटलं असतं. तिने ते टाकलं नाही.

आणि वन्सं निघाल्या. इकडे तिकडे न बघता, चादरीकडे बघत, सावकाश. चालण्याची सवय नव्हती, त्यामुळे चादरीचं टोक पायांत येत होतं. मध्यावर येऊन त्यांनी आपले दोन कोपरे वहिनीच्या हातात दिले आणि खालची घडी उचलली. त्यांच्यामागून आणखी तीन-चार खुंट्या हलल्या. बाकीच्या नाही हलल्या. पण मध्यावर भेटणाऱ्या जोड्यांचे हात असे भराभर चालले की त्या दिवशी वरच्या मजल्यांवर चादरी वेळेवर गेल्या, आणि घड्याळसाहेब दुपारीच कुठेसा निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दोघी एकत्रच घरातून निघाल्या. आदल्या संध्याकाळी बोलणं फारसं झालं नव्हतं, पण वन्संनी वहिनीच्या टाचेला लावायला मलम काढून ठेवलं होतं. इस्पितळाला दोन फाटकं होती, पुढचं परमनंट माणसांना आणि मागचं कंत्राटी माणसांना. वन्सं पुढच्या फाटकाने आत गेल्या. वहिनी मागच्या फाटकाशी आली, तर पहारेकऱ्याने हात आडवा केला. म्हणाला, बाई, तुम्हाला सोडायचं नाही असं सांगितलंय. का, ते त्याला माहीत नव्हतं. कोणी सांगितलं, तेही नीट सांगता येईना. तोही कंत्राटीच होता, वहिनीच्या नजरेला नजर देत नव्हता. बाकीच्या भिंगऱ्या एकेक करून आत गेल्या. बुटकी थांबली, रडायला लागली. वहिनीनेच तिला आत ढकललं. तिच्या घरी म्हातारा बाप अंथरुणावर होता. मागून एक अनोळखी बाई आली, तिच्या अंगावर कोरा पिवळा कोट होता. पहारेकऱ्याने तिला सोडलं. एवढ्यात दुसरी मिळालीसुद्धा! इतकी वर्षं चाललेली बाई एका रात्रीत पुसली गेली. कोणाला त्याचा कागद करावा लागला नाही, कोणाला कारण द्यावं लागलं नाही, कोणाला साधं तिच्या तोंडावर सांगावंही लागलं नाही.

वहिनी फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसली. घरी जायला पाय उठेना. लेकीला काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत होती आणि ती जुळत नव्हती.

चहाच्या सुट्टीत वन्सं बाहेर आल्या. परमनंट बायकांचा निळा कोट अंगावरच होता. बुटकीकडून कळलं होतं. त्या धापा टाकत होत्या.

"मलाही बोलावलं होतं सकाळी," त्या म्हणाल्या. "समज दिली. पुन्हा असं करू नका, एवढंच. बसायला खुर्ची दिली, वहिनी. चहा दिला."

वहिनी हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. म्हणाली की एकाच चादरीच्या एकाच मध्यावर दोघी उभ्या होतो. तुम्हाला चहा मिळाला आणि मला फाटक. गुन्हासुद्धा मेला पगार बघून धरतात.

वन्सं कठड्यावर बसल्या. चहाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने मुकादम बाहेर आला. आधी वन्संना म्हणाला, "बाई, आत चला, काम खोळंबलंय." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "ए, तू निघ इथून, इथे बसायचं नाही." दोन्ही वाक्यं त्याने एकाच श्वासात म्हटली आणि त्याला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

"मी येणार नाही," वन्सं म्हणाल्या. "ही आत आल्याशिवाय येणार नाही."

मुकादम आधी समजावणीवर आला, मग धाकावर. म्हणाला, बाई, वेडेपणा करू नका, नोकरी जाईल.

"जाईल की. पण आधी नोटीस द्यावी लागेल. मग चौकशी बसवावी लागेल. मग माझं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल. वर्ष जाईल त्यात. हिला काढायला तुम्हाला एक रात्र पुरली, मुकादम. ते वर्ष मी इथे हिच्याशेजारी बसून काढते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते की का बसले आहे."

वहिनीला गहिवर वगैरे आला नाही. तिला रागच आला, आणि तो आता मुकादमावर नव्हता, घड्याळसाहेबावरही नव्हता. एक अख्खं वर्ष! एवढं मोठं बळ या बाईच्या कोटाच्या खिशात इतकी वर्षं पडून होतं, आणि ती पंख्याखाली उभी होती. आणि आपल्या खिशात त्यातला एक दिवससुद्धा कोणी ठेवला नव्हता. कोणी म्हणेल, नणंद एवढी पाठीशी उभी राहिली, आता तरी राग सोडावा. का सोडावा? जे हक्काचं असायला हवं ते मायेने मिळालं तर गोड मानून घ्यायचं, हेच तर आजवर शिकवलं होतं सगळ्यांनी.

"वन्सं, बसा," ती म्हणाली. "बसाच. पण मी आभार मानणार नाही. ते वर्ष माझंही असायला हवं होतं."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं. हनुवटी वर नव्हती.

"नको मानूस," त्या म्हणाल्या, आणि मुकादमाकडे वळल्या. "जा, माझी नोटीस घेऊन या. आणि हिच्यासाठीही एक आणा. हिला काढलंय, असं लिहून आणा, कारण लिहा, खाली सही करा. बघू कोण करतं."